कोंडी होण्याआधी

सॅली फ्लॉइड यांची पहिली पदवी समाजशास्त्राची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या शाखेतून १९७१ साली त्या ती घेऊन बाहेर पडल्या, तेव्हा इंटरनेट जन्मालाही आलं नव्हतं. अमेरिकेतले मोजकेच संगणक अर्पानेटनं एकमेकांशी जोडलेले होते. पुढं त्यांनी इलेक्ट्रॉनिक्स शिकून घेतलं आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती धावणाऱ्या 'बार्ट' या रेल्वेच्या संगणक-यंत्रणेवर काही वर्षं काम केलं. तिशी ओलांडल्यावर त्या पुन्हा बर्कलेत शिकायला आल्या. १९८९ मध्ये रिचर्ड कार्प यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. मिळाली. विषय होता, यंत्राला उदाहरणांवरून शिकायचं असेल तर त्याला किती स्मृती लागेल, याचं शुद्ध गणित. त्या वर्षी त्यांचं वय होतं एकोणचाळीस. ज्या कामामुळं आपण सगळे त्यांचे ऋणी आहोत, ते काम यानंतर सुरू झालं.

मी अभियांत्रिकीच्या मुलांना संगणकांची जाळी शिकवते आणि हा आयुष्यक्रम मला मनापासून आवडतो. आधी माणसं, मग गाड्या, मग गणित आणि शेवटी पॅकेटं, म्हणजे जाळ्यातून जाणारे माहितीचे छोटे तुकडे. आपल्याकडे बारावीच्या निकालाच्या दिवशी मुलाच्या आयुष्याची वाट ठरवून टाकायची घाई असते, म्हणून तर तो जास्तच आवडतो. समाजशास्त्राची ती पदवी फुकट गेली असं मला कधीच वाटलं नाही. अनोळखी माणसांनी एकच वाट कशी वापरावी, कुणी किती घ्यावं आणि कुणासाठी थांबावं, हे प्रश्न या विषयाच्या गाभ्यातच आहेत.

'नेट स्लो आहे' हे वाक्य घराघरांत रोज ऐकू येतं. स्लो म्हणजे काय, हे मात्र थोडं खोलात जाऊन बघावं लागतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून बर्कले सरळ अंतरानं साधारण साडेतेरा हजार किलोमीटर. इथून निघालेला संदेश तिथं पोचून त्याचं उत्तर परत येईपर्यंत निसर्गच सेकंदाचा सातवा हिस्सा घेतो. तो कुणालाही कमी करता येत नाही. समुद्रातली केबल वळसे घेत जाते, त्याची थोडी भर पडते. याउप्पर जो वेळ लागतो, त्यातला पुष्कळसा नुसता थांबण्यात जातो. कुठल्या तरी राउटरमध्ये, म्हणजे पॅकेटांना पुढची वाट दाखवणाऱ्या यंत्रात, पुढं गर्दी आहे, म्हणून आपलं पॅकेट रांगेत उभं असतं. हा थांबण्याचा काळ मोजायचा, तो का वाढला ते हुडकायचं आणि तो कमी करताना दुसऱ्या कुणाच्या वाट्याचं ओढून घेतलं जात नाही ना, हे पाहायचं. जाळ्याच्या कार्यक्षमतेचा अभ्यास करणाऱ्याचं आयुष्य या कामात जातं.

या अभ्यासाला निकड आली ती एका संकटानं. ऑक्टोबर १९८६. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कलेचं विद्यापीठ यांच्यातलं अंतर चारशे यार्ड, म्हणजे रमतगमत पाच मिनिटांची वाट. या दोन ठिकाणांमध्ये सेकंदाला ३२,००० बिट जात असत. एके दिवशी ते ४० वर आले. चाळीस बिट म्हणजे सेकंदाला पाच अक्षरं. तारा तुटल्या नव्हत्या, यंत्रं बंद नव्हती. उलट राउटर सारे जीव तोडून राबत होते. झालं होतं ते असं, की गर्दी वाढली, रांगा भरल्या, पॅकेटं गळू लागली. पाठवणाऱ्या संगणकाला पोच मिळेना, म्हणून तो तेच पॅकेट पुन्हा पाठवी. गर्दी आणखी वाढे. मग ज्याचं पॅकेट नुसतं उशिरानं पोचणार होतं, तोही धीर सोडून दुसरी प्रत पाठवी. सगळं जाळं आपल्याच प्रतींनी गच्च भरून गेलं आणि कामाचं फारसं काही पुढं सरकेना. असं होऊ शकतं, हा इशारा जॉन नेगल यांनी १९८४ मध्येच लिहून ठेवला होता.

या कोंडीवरचा उपाय त्याच प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसन यांनी मायकेल कॅरेल्स यांच्यासोबत काढला आणि १९८८ मध्ये तो एका परिषदेत निबंधरूपानं मांडला. पॅकेट हरवलं, तर गर्दी आहे असं समजावं आणि आपला वेग निम्म्यावर आणावा. सगळं सुरळीत चाललं, तर पॅकेटाच्या दर फेरीगणिक एकेका पॅकेटानं हळूच वाढवावा. उतरताना झटकन, चढताना सावकाश. त्याच वर्षीच्या त्याच परिषदेत के. के. रामकृष्णन आणि राज जैन यांचाही निबंध होता. दोघंही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले, तेव्हा डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत काम करत होते. त्यांचं म्हणणं, पॅकेट हरवेपर्यंत वाट कशाला पाहायची? राउटरनं पॅकेटावर एका बिटाची खूण करावी, की इथं रांग लागू लागली आहे. 'सावकाश चढा, झटकन उतरा' या नियमानं सगळे वागले, तर कालांतरानं सगळ्यांचे वाटे समान होत जातात, हे राज जैन यांनी दा-मिंग च्यू यांच्यासोबत गणितानं दाखवून दिलं. वर्गात मी ती आकृती फळ्यावर काढते. कुठूनही सुरुवात करा, रेघ नागमोडी होत होत समान वाट्याच्या रेषेकडेच येते. ती पूर्ण झाली की वर्गात क्षणभर कुणी बोलत नाही.

मात्र या सगळ्यात सक्ती कुठंच नाही. राउटर कुणाला दंड करत नाही. वेग निम्म्यावर आणायचा की नाही, हे पाठवणाऱ्या संगणकातली प्रणाली ठरवते आणि ती प्रणाली कुणीही बदलू शकतो. घाटात अरुंद वळणावर उतरणारी गाडी कडेला थांबून चढणाऱ्या गाडीला वाट देते, तिथं पोलीस नसतो, आणि तरी घाट चालू राहतो. इंटरनेट त्याच भरवशावर उभं आहे. एकानं नियम मोडला तर त्याचा फायदा होतो, सगळ्यांनी मोडला तर १९८६ चा ऑक्टोबर परत येतो. हा भरवसा वाऱ्यावर सोडून चालणार नाही, त्याची कुणीतरी निगा राखली पाहिजे, हे फ्लॉइडबाईंनी ओळखलं आणि पुढची सुमारे वीस वर्षं ती निगा राखली.

जेकबसन यांच्या प्रयोगशाळेत त्या दाखल झाल्या. दोघांनी मिळून १९९३ मध्ये जो निबंध लिहिला, तो संगणकजाळ्यांच्या शाखेत सर्वाधिक आधार घेतल्या गेलेल्या निबंधांपैकी एक आहे. त्यात सांगितलेल्या पद्धतीचं नाव 'रेड'. तेव्हाचे राउटर साधे होते. रांग पूर्ण भरेपर्यंत सगळ्यांना आत घ्यायचं आणि भरली की येईल त्याला दारातूनच टाकून द्यायचं. त्यात दोन उणिवा होत्या. रांग कायम भरलेली राहायची, त्यामुळं प्रत्येकाला उशीर व्हायचा. शिवाय ती भरली की अनेकांची पॅकेटं एकदमच गळायची, सगळे एकदमच वेग निम्म्यावर आणायचे, वाट रिकामी पडायची आणि मग सगळे एकदमच पुन्हा चढू लागायचे.

'रेड'मधला राउटर रांग भरण्याची वाट पाहत नाही. तो रांगेच्या सरासरी लांबीवर नजर ठेवतो. सरासरीवर, कारण क्षणभराची झुंबड ही काही कोंडी नव्हे, ती यायची आणि ओसरायची. सरासरी एका मर्यादेपुढं गेली, की येणाऱ्या पॅकेटांमधून सोडत काढल्यासारखं एखादंच पॅकेट टाकून दिलं जातं. ज्याचं गेलं तो एकटा वेग कमी करतो, बाकीचे चालत राहतात. सरासरी आणखी वाढली तर सोडतीचं प्रमाण वाढतं. यातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट ही, की कोण किती पाठवतो याची कुठलीही वही राउटर ठेवत नाही. ज्याची पॅकेटं जास्त, त्याचा नंबर लागण्याची शक्यता आपोआप जास्त. मोठ्याला मोठी कात्री, लहानाला लहान, आणि कुणाचं नावसुद्धा विचारायचं नाही. इतक्या थोड्या यंत्रणेतून इतका न्याय निघतो, हे मी दर वर्षी शिकवते आणि दर वर्षी मला त्याचा तितकाच आनंद होतो.

सोडतीचं हेच औषध त्यांनी आणखी एका दुखण्यावर वापरलं. १९९२ च्या मे महिन्यात बर्कलेहून एमआयटीकडे सुमारे सेकंदाला एक अशा बेतानं चाचणीची पॅकेटं पाठवली जात होती. त्यांतली काही हरवत, यात नवल नव्हतं. नवल होतं ते त्यांच्या हरवण्यातल्या लयीचं. दर नव्वद सेकंदांनी नुकसान होई, मग सारं शांत, मग पुन्हा नव्वद सेकंदांनी नुकसान. वाटेवरचे राउटर ठरावीक काळानं आपापले मार्गांचे तक्ते एकमेकांना कळवत असत आणि ते वाचण्यात गुंतले की पॅकेटं पुढं ढकलायला त्यांना सवड नसे. पण प्रत्येक राउटरचं घड्याळ वेगळ्या वेळी सुरू झालेलं. मग सगळे एकाच क्षणी कसे बोलू लागले?

याचं उत्तर शोधताना फ्लॉइड आणि जेकबसन यांनी जे दाखवलं, ते वाचून मी थक्क झाले होते. एकाचा संदेश वाचण्यात दुसरा गुंततो आणि मग स्वतःचं घड्याळ किंचित उशिरा लावतो. एवढ्या नकळत लागलेल्या धक्क्यानं दोन राउटर एकत्र येतात, मग त्यांना तिसरा मिळतो. बराच काळ काहीच घडत नाही आणि मग बघता बघता सगळं जाळं एका तालावर येतं. एकाच तुळईला टांगलेली दोन लंबकांची घड्याळं आपोआप एका लयीत येतात, हे ख्रिस्तिआन हायगेन्स यांनी १६६५ मध्ये पाहिलं होतं. तिथं ते गमतीचं होतं, इथं घातक. आपण यंत्रं एकमेकांपासून स्वतंत्र बनवली म्हणून ती स्वतंत्रच वागतील, हा इंजिनिअरांचा समज त्या निबंधानं कायमचा मोडला. उपाय सोपा आणि धीट होता: प्रत्येकाच्या घड्याळात भरपूर अनिश्चितता घाला. सरासरी वेळेच्या अर्ध्यापासून दीडपटीपर्यंत कुठंही ते वाजू द्या. थोडीशी नको, भरपूर. थोडीशी घातली तर ताल पुन्हा जमतो.

शिस्तीच्या यंत्रणेत मुद्दाम बेशिस्त पेरायची, हे पटायला जड जातं. व्यवस्था म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी एकच गोष्ट करणं, असं शाळेच्या प्रार्थनेपासून आपल्या मनावर बिंबलेलं असतं. सामायिक वाटेवर तेच सर्वांत मोठं संकट ठरतं.

आणि मग १९९४ मध्ये आला व्हर्न पॅक्सन यांच्यासोबतचा निबंध. त्याच्या शीर्षकातच पॉयसन प्रतिमानाचं अपयश जाहीर केलेलं होतं. हे प्रतिमान म्हणजे या क्षेत्राचं आजोळ. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या अ‍ॅग्नर क्रारुप एर्लांग यांनी १९०९ मध्ये दाखवलं, की टेलिफोनचे कॉल एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखे येतात आणि त्यांचा हिशेब पॉयसनच्या सूत्रानं नीट बसतो. त्यावरून किती तारा लागतील, किती ऑपरेटर लागतील, हे ठरवता आलं. जगातली टेलिफोन एक्स्चेंज दशकानुदशकं त्या गणितावर चालली. संगणकांची जाळी आली तेव्हा तेच गणित उचललं गेलं, कारण ते सुरेख होतं, त्यात समीकरणं सुटत होती. या गणितानं एक दिलासाही दिला होता, की पुष्कळ लोकांची रहदारी एकत्र केली की चढउतार एकमेकांत जिरून जातात आणि प्रवाह संथ होतो.

१९९३ मध्ये बेलकोअर या संस्थेतल्या नोंदींवरून लेलँड, टाक्कू, विलिंजर आणि विल्सन यांनी दाखवलं, की स्थानिक जाळ्यातले चढउतार जिरत नाहीत. सेकंदाच्या मापानं पाहा, मिनिटाच्या पाहा की तासाच्या, रहदारी तितकीच खडबडीत दिसते. पॅक्सन आणि फ्लॉइड यांनी दूरवरच्या जाळ्यांच्या नोंदी घेतल्या आणि एकेक प्रकार वेगळा करून तपासला. त्यांची सचोटी मला इथं दिसते. जुनं सारं चूक, असा गाजावाजा त्यांनी केला नाही. माणूस संगणकासमोर येऊन बसतो आणि काम सुरू करतो, त्या क्षणांना पॉयसनचं सूत्र तासागणिक नीट लागू पडतं, हे त्यांनी नोंदवलं. पण एकदा बसल्यावर तो काय करतो, त्याला ते लागू पडत नाही. टंकलेखनातल्या दोन अक्षरांमधला अवकाश कधी निमिषाचा, कधी फार लांब. फायली पाठवल्या जातात त्या घोळक्यांनी, आणि मोजके प्रचंड घोळकेच जवळपास सगळा माल वाहून नेतात. माणूस येतो तो सूत्राप्रमाणे. काम करताना तो विचारात पडतो, थांबतो, उठून चहा आणतो, मग एकदम सुटतो. ही माणसाची चाल जाळ्यात जशीच्या तशी उतरते.

यातून जो धडा मिळाला, तो सोयीचा नव्हता. रांगा लागतात त्या जुन्या गणितानं सांगितल्यापेक्षा फार लांब, फार वेळ. समीकरणं सुटेनाशी झाली. ज्यांनी आयुष्यभर त्या समीकरणांवर निबंध लिहिले, त्यांना हे पचवणं जड गेलं असणार. पण या विद्येत मोजलेल्या आकड्यापुढं सुरेख समीकरणानं बाजूला व्हायचं असतं. फ्लॉइड स्वतः उत्तम गणिती होत्या, तरी त्यांनी मोजणीची बाजू घेतली. पुढं पॅक्सन यांच्यासोबतच त्यांनी इंटरनेटची प्रतिकृती संगणकात बनवणं इतकं अवघड का, यावरही लिहिलं. इंटरनेट दर वर्षी बदलतं, कुठलेही दोन कोपरे सारखे नाहीत, आणि एका नमुन्यावरून काढलेला निष्कर्ष दुसऱ्या वर्षी लागू पडेलच असं नाही. आपल्याच शास्त्राच्या मर्यादा इतक्या स्वच्छ लिहिणारी माणसं मला फार मोठी वाटतात.

'रेड'ची पुढची कहाणी दुःखाची आहे. राउटर बनवणाऱ्यांनी ती पद्धत यंत्रात बसवली, पण चालवणाऱ्यांनी फारशी सुरू केली नाही. तिला काही आकडे ठरवून द्यावे लागत आणि ते एका ठिकाणी चालले तर दुसरीकडे चालत नसत. फ्लॉइड यांनी ती टीका मान्य केली, पद्धत सुधारली, २००१ मध्ये सहकाऱ्यांसोबत आपले आकडे आपणच जुळवून घेणारी आवृत्ती काढली. तोवर उत्साह ओसरला होता. मधल्या काळात स्मृती स्वस्त झाली आणि उपकरणं बनवणाऱ्यांनी, पॅकेट गळणं वाईट या समजुतीनं, घरातल्या मोडेमपासून सगळीकडे भल्यामोठ्या रांगांची सोय केली. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी स्वतःच्या घरी मोजलं. मोठी फाईल पाठवली की बाकी सगळ्याला सेकंदाहून जास्त उशीर. टाळेबंदीत हे आपण सगळ्यांनी भोगलं. एका विद्यार्थ्याच्या घरी भावानं व्हिडिओ चढवायला घेतला, की ऑनलाइन वर्गातला याचा आवाज तुटू लागे. घरात जोडणी चांगल्या वेगाची, आणि तरीही. भावाच्या पॅकेटांची लांबलचक रांग मोडेमात उभी आणि या विद्यार्थ्याचा आवाज त्या रांगेच्या शेपटाला.

कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये यावर नवी पद्धत काढली. ती रांगेची लांबी बघत नाही, पॅकेट किती वेळ ताटकळलं ते बघते. पाच मिलिसेकंदांपेक्षा जास्त ताटकळणं काही काळ टिकून राहिलं की पॅकेट टाकायला सुरुवात करते, आणि हातानं जुळवायचे आकडे जवळजवळ नाहीतच. तिच्यातून निघालेली आवृत्ती आज असंख्य लिनक्स यंत्रांत चालू आहे. कोंडी होण्याआधी सावध करा, हा १९९३ चा विचार अखेर घरोघर पोचला. त्याला लागलेला काळ पाहिला की संशोधकाच्या अंगी किती धीर असावा लागतो, ते कळतं.

दुसरं काम याहून चिवट. रामकृष्णन आणि जैन यांची ती खुणेची कल्पना फ्लॉइड यांनी पुन्हा हाती घेतली. पॅकेट टाकून कशाला द्यायचं, नुसती खूण करा. रामकृष्णन, फ्लॉइड आणि डेव्हिड ब्लॅक यांचा त्यासंबंधीचा मानक-दस्तऐवज सप्टेंबर २००१ मध्ये निघाला. आयपीच्या प्रत्येक पॅकेटात त्यासाठी फक्त दोन बिट लागतात. पण अनेक ठिकाणच्या सुरक्षा-यंत्रणांना याच सोयीसाठी टीसीपीच्या, म्हणजे जोडणी सांभाळणाऱ्या नियमावलीच्या, शीर्षभागात लावलेले अनोळखी बिट दिसले, की त्या जोडणीच तोडून टाकत. फ्लॉइड यांनी २००२ मध्ये एक वेगळा दस्तऐवज लिहून हे वागणं का हानिकारक आहे ते शांतपणे समजावलं. अनोळखी दिसलं म्हणून दार आपटाल, तर जाळ्यात पुढं काहीच सुधारता येणार नाही. २०१५ मध्ये अ‍ॅपलनं आपल्या प्रणालींत ही सोय सुरू केली. जानेवारी २०२३ मध्ये कमी विलंबाच्या सेवेसाठी जे नवे दस्तऐवज निघाले, ते याच दोन बिटांवर उभे आहेत.

अशी दोन बिटांची कामं बातमीत येत नाहीत. अ‍ॅप बनवणाऱ्याचं नाव होतं, केबल टाकणाऱ्या कंपनीचं नाव होतं. अमुक रांग लांबली नाही, तमुक दिवशी जाळं कोसळलं नाही, याचं श्रेय कुणाला द्यायचं, हे वापरणाऱ्याला कळायचं साधनच नाही. फ्लॉइड यांना २००७ मध्ये संगणकजाळ्यांच्या संशोधकांचा सर्वांत मानाचा सिगकॉम पुरस्कार मिळाला, २००९ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि २५ ऑगस्ट २०१९ रोजी बर्कलेत त्यांचं निधन झालं. मराठी वृत्तपत्रांत माझ्या पाहण्यात एक ओळही आली नाही. मला ते लागलं. त्या दिवशीही आपले फोन, बँका, रेल्वेची तिकिटं सगळं त्यांनी घातलेल्या शिस्तीवर चाललं होतं.

न्यायाच्या प्रश्नावर त्यांना विरोधही झाला. प्रत्येक प्रवाहाला, म्हणजे दोन संगणकांमधल्या प्रत्येक जोडणीला, सारखा वाटा हा न्याय नव्हे, कारण एक लबाड अ‍ॅप दहा प्रवाह उघडून दहा वाटे घेऊ शकतं, असं बॉब ब्रिस्को यांनी २००७ मध्ये कडक शब्दांत मांडलं. आक्षेप खरा आहे. पण २००८ मध्ये फ्लॉइड यांनी मार्क ऑलमन यांच्यासोबत दिलेलं उत्तर मला अधिक पटतं. ढोबळ का होईना, कुणाच्या परवानगीविना, कुठल्याही पैशांच्या हिशेबाविना चालणारी समानता फार उपयोगाची असते. नेमका न्याय करायचा तर प्रत्येक वाटेवर वही घेऊन बसणारा कारकून नेमावा लागतो, आणि मग वाट त्या कारकुनाची होते. खेड्यातल्या मुलीचं पॅकेट आणि मोठ्या कंपनीचं पॅकेट एकाच रांगेत, एकाच सोडतीत उभी राहतात, ही या ढोबळपणाचीच देणगी आहे.

१९९९ मध्ये केव्हिन फॉल यांच्यासोबत त्यांनी एक इशारा दिला होता. कोंडी दिसूनही वेग कमी न करणारे प्रवाह वाढले, तर इतरांवर अन्याय होईल आणि जाळं पुन्हा कोसळू शकेल. आज तो इशारा पुन्हा वाचायची वेळ आहे. एकेकाळी ही शिस्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात होती, तिला हात लावणारे थोडे होते. आता क्विकसारख्या प्रोटोकॉलमुळं ती अ‍ॅपच्या हाती आली आहे. कुठलीही कंपनी आपल्या अ‍ॅपचा वेग हवा तसा ठरवून एका रात्रीत कोट्यवधी फोनांवर पाठवू शकते. २०१६ मध्ये गूगलनं आणलेल्या 'बीबीआर' या वेग ठरवण्याच्या पद्धतीची पहिली आवृत्ती जुन्या पद्धतीच्या प्रवाहांशेजारी काही परिस्थितींत आपल्या वाट्यापेक्षा बरंच जास्त घेते, हे स्वतंत्र अभ्यासकांच्या मोजणीतून पुढं आलं. पुढच्या आवृत्त्यांत ते सुधारण्याचे प्रयत्न झाले. कुणीतरी बसून मोजलं, म्हणून ते दिसलं.

माझे कितीतरी विद्यार्थी आज पुण्यात, बंगळूरला, कॅलिफोर्नियात अशा अ‍ॅपांवर काम करतात. त्यांना आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरला माझं एक मागणं आहे. नवी आवृत्ती बाहेर पाठवण्याआधी तिचा वेग मोजताच, तेव्हा त्याच अरुंद वाटेवर शेजारी एक साधा टीसीपी प्रवाहही चालू ठेवा. त्याच्या वाट्याला किती उरलं आणि त्याला किती ताटकळावं लागलं ते मोजा, आणि तो आकडा तुमच्या स्वतःच्या आकड्याशेजारी अहवालात लिहा.